फोटोत दोन विमानं एकमेकांना चिकटलेली का दिसतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन प्रवासी विमानं अंगाला अंग घासून चालली आहेत असा एखादा फोटो फिरू लागला, की खाली 'थोडक्यात वाचले' लिहिलेलं असतंच. कुणी जमिनीवरून विमानांना मार्ग सांगणाऱ्या कंट्रोलरला दोष देतं, कुणी पायलटला, आणि ज्यांना उद्या विमानानं जायचं असतं त्यांच्या पोटात गोळा येतो. गेली कित्येक वर्षं विमानांचे फोटो काढत असल्यामुळे हे फोटो माझ्याकडे हमखास येतात आणि सोबत प्रश्नही येतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

फोटोत इतकी जवळ असलेली विमानं प्रत्यक्षात लांब कशी असू शकतात?

कॅमेरा अंतर मोजत नाही, तो फक्त दिशा टिपतो. फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लेन्सपासून बाहेर जाणारी एक सरळ रेघ. त्या रेघेवरची वस्तू दोन किलोमीटरवर आहे की वीस, याची नोंद फोटोत कुठेही होत नाही. दोन विमानांकडे जाणाऱ्या रेघा एकमेकींना खेटून असल्या, की फोटोत विमानंही खेटून दिसणार. मग एक दुसऱ्याच्या कितीही मागे असो.

चंद्रासमोरून जाणाऱ्या विमानाचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर असतो आणि विमान फार तर पंधरा-वीस किलोमीटरवर. फोटोत दोघं एकमेकांना टेकलेले असतात, तरी कुणी घाबरत नाही, कारण चंद्र किती लांब आहे ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. दोन विमानांच्या बाबतीत असं काहीच ठाऊक नसतं. मग मेंदू सोपा मार्ग धरतो: दोन्ही सारखी दिसतात, म्हणजे सारख्याच अंतरावर असणार.

माझ्या संग्रहात असा एक फोटो आहे. वरच्या विमानाच्या शेपटीला खालच्याचं नाक टेकल्यासारखं दिसतं. तो पाहिल्यावर माझ्या धाकट्या भावाचा पहिला प्रश्न होता, "दादा, हे वाचले ना?" नोंद तपासली तर एक विमान ३७,००० फुटांवर होतं आणि दुसरं ३३,००० फुटांवर. म्हणजे मध्ये सव्वा किलोमीटरची मोकळी हवा. लांबचं विमान जवळच्यापेक्षा जेमतेम अकरा टक्के लहान दिसत होतं, आणि एवढा फरक नुसत्या नजरेला कळत नाही.

मग हा झूम लेन्सचा दोष म्हणायचा का?

बहुतेकांचा तसाच समज असतो, पण मूळ कारण लेन्स नाही. कारण आहे आपण उभे असतो ती जागा. एक वस्तू तुमच्यापासून एक किलोमीटरवर आणि दुसरी दोन किलोमीटरवर असेल, तर दुसरी निम्मी दिसते आणि ती मागे आहे हे लगेच कळतं. तीच जोडी दहा आणि अकरा किलोमीटरवर गेली की आकारातला फरक नऊ टक्क्यांवर येतो. दोघींमधलं अंतर तेवढंच, एक किलोमीटर, पण चित्रातून ते जवळपास पुसलं जातं. चित्रकलेच्या तासाला यथार्थदर्शन शिकताना लांब जाणारे रूळ एका बिंदूत मिळताना काढतात, तोच हा नियम. लांबची खोली चपटी होते.

झूम लेन्स फक्त त्या चपट्या भागाचा छोटा तुकडा कापून मोठा करून दाखवते. त्याच जागेवरून साध्या लेन्सनं फोटो काढा आणि मधला भाग कापून मोठा करा, विमानांची मांडणी तंतोतंत तीच येईल, फक्त फोटो जरा भुरकट दिसेल.

तरीही लेन्सची एक करामत आहे. ४०० मिलिमीटरच्या, म्हणजे लांबचं बरंच मोठं करून दाखवणाऱ्या लेन्सनं फुल-फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात दहा किलोमीटरवरचं फक्त ९०० मीटर रुंदीचं आकाश मावतं. आजूबाजूचं अफाट रिकामं आकाश चौकटीबाहेर राहतं आणि चौकटीत उरतात दोन विमानं. गर्दीचा भास होतो तो त्यामुळे.

हे घरी करून बघता येईल का?

येईल, आणि अवश्य करा. वाचून जे पटत नाही ते पाच मिनिटांत पटतं. दोन सारख्या बाटल्या घ्या. एक पुढे ठेवा, दुसरी तिच्या एक मीटर मागे, किंचित बाजूला. आधी पुढच्या बाटलीपासून एक मीटरवरून फोनने फोटो काढा. मागची बाटली बरोबर निम्मी दिसेल. आता लांबलचक खोलीत किंवा मोकळ्या जागेत दहा मीटर मागे जा आणि झूम करून बाटल्या पुन्हा तेवढ्याच मोठ्या करा. बाटल्या जागच्या हललेल्या नाहीत, पण मागची आता पुढचीच्या नव्वद टक्क्यांहून मोठी दिसेल, आणि दोघी शेजारी-शेजारी ठेवल्यासारख्या वाटतील.

पण मी तर डोळ्यांनी पाहिलं. कॅमेरा मध्ये नव्हताच!

डोळाही एक कॅमेराच आहे. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो, आणि सुईत दोरा ओवताना किंवा चेंडू झेलताना ते छान जमतं. दहा किलोमीटरवरच्या विमानासाठी हा फरक इतका सूक्ष्म होतो की काही उपयोग राहत नाही. एरवी आपण मधली झाडं, घरं, रस्ते यांच्या आधारानं अंतर ठरवतो. आकाशात तसलं काहीच नसतं.

शिवाय विमानांचे आकार फसवतात. एअरबस ए३२० सुमारे ३७.६ मीटर लांब आहे, ए३८० सुमारे ७२.७ मीटर. म्हणजे वीस किलोमीटरवरचं ए३८० आणि दहा किलोमीटरवरचं ए३२० डोळ्याला जवळजवळ सारखंच मोठं दिसतं. दोन्ही एका वेळी एकाच दिशेला आली तर 'दोन सारखी विमानं अगदी शेजारून गेली' अशी साक्ष कुणीही प्रामाणिकपणे देईल.

विमानांमध्ये किती अंतर ठेवायचा नियम आहे?

दोन विमानांमध्ये एकतर आडवं अंतर पुरेसं हवं, नाहीतर उभं. दोन्हींपैकी एक असलं की पुरे, आणि नेमकं हेच लोकांना माहीत नसतं. रडारच्या देखरेखीखाली मार्गावरच्या विमानांत साधारणपणे किमान पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, आणि विमानतळाच्या आसपास तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर ठेवतात. उभं अंतर १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर. पूर्वी २९,००० फुटांच्या वर हे अंतर २,००० फूट ठेवावं लागायचं. उंची मोजणारी उपकरणं अचूक झाल्यावर ते निम्मं केलं गेलं. त्याची सुरुवात १९९७ मध्ये उत्तर अटलांटिकवर झाली.

आता जमिनीवर उभं राहून वर पाहा. एक विमान ३५,००० फुटांवरून पूर्वेला आणि दुसरं बरोबर त्याच्या डोक्यावरून ३६,००० फुटांवरून पश्चिमेला चाललंय. खालून ती दोन्ही एकमेकांतून आरपार गेल्यासारखी दिसतील. नियम कुठेही मोडलेला नाही, उलट आकाशातली वाहतूक अशीच आखलेली असते: त्या उंचीवर सर्वसाधारणपणे पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजार, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार.

खिडकीतून समोरून आलेलं विमान दिसलं, जीव घाबरला. ते तर खरंच जवळ होतं ना?

१,००० फूट खाली असेल, तर हो, तुमच्या आयुष्यात पाहिलेल्या उडत्या विमानांपैकी ते सर्वांत जवळचं असू शकतं. बोईंग ७७७-३००ईआर जवळपास ७४ मीटर लांब असतं. ३०० मीटर म्हणजे त्याच्या चार लांबी. जमिनीवर एवढ्या अंतरावर काही असलं तर आपण त्याला लांब म्हणतो. पण हे विमान प्रचंड असतं, त्याच्या खिडक्या आणि शेपटीवरचं चिन्हसुद्धा दिसतं, आणि ते झपकन निघून जातं. दोघंही ताशी नऊशे किलोमीटरनं समोरासमोर येत असतील, तर सेकंदाला अर्धा किलोमीटर कापला जातो. दहा किलोमीटरवर ठिपका दिसला, तर वीस सेकंदांत ते तुमच्या खालून गेलेलं असतं. या वेगामुळे छातीत धस्स होतं, अंतर मात्र ठरवून दिलेलंच असतं.

उतरणाऱ्या विमानांची रांग फोटोत एकावर एक रचल्यासारखी का दिसते?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर साध्या भूमितीत आहे आणि ते कळलं की असे फोटो पाहण्याची मजा वाढते.

उतरणारी विमानं साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतात. धावपट्टीपासून दर किलोमीटरमागे त्यांची उंची सुमारे ५२ मीटरनं जास्त असते. चार किलोमीटरवरचं विमान दोनशे मीटरवर, तेरा किलोमीटरवरचं पावणेसातशे-सातशे मीटरवर. आता समजा, चाकं जिथे टेकतात तिथेच तुम्ही उभे आहात. तिथून प्रत्येक विमान क्षितिजापासून तीनच अंश वर दिसणार, मग ते चार किलोमीटरवर असो की तेरा. म्हणजे रांगेतली सगळी विमानं आकाशातल्या एकाच बिंदूवर, एकामागे एक दडलेली! त्या जागी उभं राहायची परवानगी कुणालाच नसते, पण धावपट्टीच्या दिशेनंच थोडं बाजूला किंवा मागे, कुंपणाबाहेर उभे राहिलात की विमानं त्या बिंदूपासून थोडी-थोडी सरकून एकावर एक बसल्यासारखी दिसतात. संध्याकाळी उतरणीचे दिवे लागले की हे फार देखणं दिसतं.

प्रत्यक्षात त्यांच्यात भरपूर जागा असते. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे निघतात आणि मागच्याला ते धोक्याचे असतात, म्हणून वजनदार विमानामागे मध्यम विमान असेल तर पारंपरिक नियमानुसार पाच सागरी मैल सोडतात.

दोन विमानं शेजारी-शेजारी एकदम उतरतानाचे व्हिडिओ बनावट असतात का?

बरेचसे खरे असतात. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या दोन समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत ७५० फुटांचंच अंतर आहे, म्हणजे २२९ मीटर. हवा स्वच्छ असताना तिथे वर्षानुवर्षं दोन विमानं जोडीनं उतरत असत, आणि त्यासाठी दुसरं विमान नजरेत असल्याचं पायलटनं सांगावं लागायचं. ए३२०च्या पंखांची रुंदी सुमारे ३६ मीटर धरली, तर दोन ए३२०च्या पंखांच्या टोकांत १९०हून जास्त मीटर उरतात. बाजूनं, लांबून फोटो काढला की हेच अंतर नेमकं दृष्टीच्या रेषेत येतं आणि नाहीसं होतं. समोरून काढला तर स्पष्ट दिसतं. एकच घटना, दोन जागा, दोन वेगळ्या बातम्या.

बार्सिलोनाच्या त्या व्हिडिओचं काय? त्यात तर टक्कर होता-होता टळली.

जुलै २०१४ मधला तो व्हिडिओ. एक बोईंग ७६७ उतरण्याच्या बेतात असताना एक एअरबस ए३४० धावपट्टी ओलांडताना दिसतं, आणि ७६७ न उतरता पुन्हा वर जातं. लांबून झूम करून घेतलेला असल्यामुळे एक विमान दुसऱ्यावर बसणार असं वाटतं. विमानतळ चालवणाऱ्या संस्थेनं दोघांत पुरेसं अंतर होतं असं सांगितलं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. व्हिडिओनं अंतर आखडून दाखवलं, हे खरं. आणि धावपट्टी मोकळी नाही असं वाटताच पायलटनं उतरणं सोडून दिलं, हेही शंभर टक्के योग्य. याला गो-अराउंड म्हणतात. प्रत्येक पायलटला त्याचा सराव असतो आणि तो केल्याबद्दल कुणी त्याला बोल लावत नाही. गो-अराउंड झाला म्हणजे अपघात होणार होता, असा अर्थ काढू नका.

दोन्ही विमानं एकदम स्पष्ट आहेत, मागचं धूसर नाही. म्हणजे ती जवळच असणार ना?

नाही. माणसांच्या फोटोत मागचं धूसर होतं कारण माणूस जवळ असतो. ४०० मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर (म्हणजे प्रकाश आत येणारं तोंड बरंच आवळून) ठेवून साधारण ६७० मीटरवर फोकस केली, तर ३३५ मीटरपासून थेट अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पाच किलोमीटरवरचं आणि पंधरा किलोमीटरवरचं विमान त्यामुळे सारखंच रेखीव दिसणार.

मग एका फोटोवरून खरं अंतर काढता येतं का?

अंदाज काढता येतो, विमानांचे प्रकार ओळखता आले तर. समजा एक बोईंग ७३७-८०० आहे (लांबी ३९.५ मीटर) आणि दुसरं ७७७-३००ईआर (७३.९ मीटर), आणि फोटोत दोघांची लांबी सारखीच भरते. म्हणजे ७७७ हे ७३७च्या १.८७ पट अंतरावर आहे. ७३७ सहा किलोमीटरवर असेल, तर ७७७ अकरा किलोमीटरच्या पुढे. 'टक्कर टळली' म्हणतात त्या फोटोत पाच किलोमीटरहून जास्त जागा निघाली!

यात एक खाच आहे. विमान तिरकं असेल तर लांबी आखडते आणि हिशेब चुकतो. मी लांबीऐवजी धडाची जाडी मोजतो, कारण नळीसारखं धड कुठूनही पाहिलं तरी जवळपास तेवढंच जाड दिसतं. ७३७चं धड सुमारे ३.७६ मीटर रुंद, ७७७चं ६.२ मीटर. फोटो मोठा करून स्क्रीनवर पट्टी धरली तरी काम भागतं.

आणखी एक खूण म्हणजे रंग. लांबचं विमान मधल्या धुरकट हवेमुळे फिकं, जरासं निळसर पडतं. फोटोवर कुणी रंगांचे संस्कार केले असतील तर मात्र ही खूण हाती लागत नाही.

विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर दोन विमानं एकमेकांवर चढलेली दिसली. ते तरी खरं ना?

नकाशावरचं विमानाचं चिन्ह प्रमाणात नसतं, ते आपल्याला दिसावं म्हणून मोठं काढलेलं असतं. नकाशा लहान केला की एक चिन्ह कित्येक किलोमीटर झाकतं. शिवाय नकाशा वरून पाहिलेला, म्हणजे उंचीचा फरक त्यात दिसणारच नाही. दोन्ही चिन्हांवर एकेक करून बोट ठेवा आणि उंची वाचा. १,००० फूट किंवा जास्त फरक दिसला, की काळजीचं कारण नाही.

अनुभवी पायलट तरी या भासाला फसत नसतील?

फसतात, आणि त्याची किंमत मोजावी लागली आहे. ४ डिसेंबर १९६५ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेल गावाच्या वर दोन प्रवासी विमानं होती. ईस्टर्न एअरलाइन्सचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन १०,००० फुटांवर आणि टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं बोईंग ७०७ हे ११,००० फुटांवर. दोघंही आपापल्या ठरलेल्या उंचीवर, मध्ये पूर्ण १,००० फूट. खाली ढग होते, आणि ढगांचे माथे सपाट नव्हते, एका बाजूला चढत गेलेले होते.

कॉन्स्टेलेशन ढगातून बाहेर आलं आणि पायलटांना ७०७ दिसलं. क्षितिज म्हणून नजरेनं ढगांच्या त्या तिरक्या माथ्याचा आधार घेतला, आणि समोरचं विमान आपल्याच उंचीवर आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी टक्कर चुकवायला विमान वर खेचलं. ७०७च्या पायलटांनीही ते येताना पाहून आपलं विमान वळवलं. आणि जी टक्कर होणारच नव्हती, ती झाली. ७०७च्या डाव्या पंखाचं टोक तुटलं, तरी ते न्यूयॉर्कला सुखरूप उतरलं. कॉन्स्टेलेशनच्या शेपटीवरची नियंत्रणं गेली. कॅप्टन चार्ल्स व्हाइट यांनी नुसत्या इंजिनांच्या जोरावर विमान सांभाळत एका डोंगरउतारावरच्या कुरणात उतरवलं. विमानातल्या ५४ जणांपैकी ५० वाचले. अडकलेल्या प्रवाशाला सोडवायला कॅप्टन व्हाइट जळत्या विमानात मागे गेले आणि परतले नाहीत. चौकशीचा निष्कर्ष हाच होता: ढगांच्या उतारामुळे झालेला दृष्टिभ्रम.

म्हणूनच 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं' म्हणणाऱ्यावर मी कधी चिडत नाही.

मग खरा धोका कशावरून ओळखतात?

उपकरणांवरून. मोठ्या प्रवासी विमानांत टीकॅस नावाची यंत्रणा असते. ती आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरना (रेडिओवरून उत्तर देणाऱ्या उपकरणांना) विचारणा करून अंतर आणि उंची मोजते, आणि दोन विमानं सर्वांत जवळ यायला किती सेकंद उरलेत याचा हिशेब ठेवते. साधारण २० ते ४८ सेकंद आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असा इशारा, आणि गरज पडल्यास १५ ते ३५ सेकंद आधी वर चढा किंवा खाली जा असा थेट आदेश. एकाला वर पाठवलं तर दुसऱ्याला खाली, हे दोन्ही यंत्रणा आपसात ठरवतात. १ जुलै २००२ रोजी जर्मनीत युबरलिंगेनजवळ एका विमानाने टीकॅसचं ऐकलं, दुसऱ्याला कंट्रोलरनं उलट सूचना दिली होती आणि त्याने ती पाळली. दोन्ही विमानं धडकली आणि ७१ जण गेले. दोन्ही सूचना वेगळ्या आल्या तर टीकॅसचीच पाळायची, हे त्यानंतर निःसंदिग्ध केलं गेलं.

नजरेचीही एक खूण पायलटांना शिकवतात. काचेवर सरकत जाणारं विमान सहसा बाजूनं निघून जातं. काचेवर एकाच जागी थबकलेलं आणि हळूहळू मोठं होणारं विमान, ते तुमच्या वाटेवर असतं. फोटोत थरारक दिसणारी, एकमेकांना छेदणारी विमानं बहुधा पहिल्या प्रकारची असतात. खरा धोका जमिनीवरच्या कॅमेऱ्यात दिसायला अगदीच साधा असू शकतो.

हवाई कसरतींतही विमानं लांबच असतात का?

काही वेळा लांब, काही वेळा खरंच जवळ. समोरासमोर येऊन एकमेकांना कापणारी विमानं प्रेक्षकांच्या दृष्टीच्या रेषेत मागे-पुढे ठेवलेली असतात, ती कसरत मुद्दाम प्रेक्षकांच्या जागेवरून दिसण्यासाठीच रचलेली असते. पण अमेरिकी नौदलाचं ब्लू एंजल्स पथक चौकोनी रचनेत १८ इंचांपर्यंत जवळ उडतं, आणि तिथे कॅमेऱ्याचा काही हात नसतो.

माझ्याकडे असा एक फोटो आहे. तो लोकांना दाखवू का?

जरूर दाखवा, असे फोटो सुंदर असतात. फक्त सोबत चार गोष्टी लिहा: कुठून काढला, कोणत्या लेन्सनं, दोन्ही विमानांचे प्रकार, आणि त्या वेळची दोघांची उंची. भावानं विचारल्यानंतर माझ्या त्या फोटोखाली मी लिहिलं, "खालचं ३३,००० फुटांवर, वरचं ३७,००० फुटांवर. मध्ये सव्वा किलोमीटर." तेव्हापासून तो पाहणारे 'वाचले ना?' विचारत नाहीत. वरचं विमान कुठे चाललं होतं, ते विचारतात.